हेराल्डचा जाम झालेला आटा

गाडी जागेवर लावण्यासाठी चालक स्टिअरिंग पूर्ण वळवतो. वेग माणसाच्या चालण्याएवढाच. तेवढ्यात पुढून ‘कडाड’ असा आवाज येतो, गाडीचा एक कोपरा खाली बसतो आणि चाक मडगार्डाखाली वेडेवाकडे दुमडले जाते. ट्रायम्फ हेराल्ड, व्हिटेस आणि स्पिटफायर या ब्रिटिश गाड्या बाळगणाऱ्यांना हा प्रसंग चांगलाच ठाऊक आहे. वेग कमी असल्यामुळे चालक बहुधा सुखरूप असतो. हेच महामार्गावर घडले असते तर काय, हा प्रश्न मात्र त्याची पाठ सोडत नाही.

तुटलेला भाग हातात घेतला की कारण डोळ्यांसमोर येते. एका उभ्या पोलादी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत. त्या आट्यांवर तपकिरी गंज चढला आहे आणि भोवतालच्या पितळवर्गीय धातूच्या बैठकीने त्यांना गच्च धरून ठेवले आहे. या बैठकीला ‘ट्रनियन’ म्हणतात. हा जोड फिरण्यासाठी घडवलेला होता. तो फिरेनासा झाला, तरी स्टिअरिंग त्याला फिरवतच राहिले आणि शेवटी पोलादच तुटले.

एवढ्याशा आट्याला इतिहास कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या आट्यात ब्रिटिश मोटार उद्योगातील भाऊबंदकी आहे, हिमालयातील एका जनावराचे नाव आहे, मद्रासचा एक कारखाना आहे आणि पुस्तकात लिहिलेले ज्ञान गॅरेजपर्यंत पोहोचेपर्यंत कसे बदलते, याचा एक अत्यंत बोलका पुरावा आहे.

प्रथम आट्याविषयी. आटा म्हणजे दंडगोलावर गुंडाळलेला एक उतार. नट आवळताना आपण त्या उतारावर भार वर ढकलत असतो. उतार इतका सौम्य असतो की घर्षणामुळे भार आपोआप मागे घसरत नाही, आणि म्हणूनच आवळलेला नट आवळलेलाच राहतो. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा जवळजवळ सगळा जोर नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घर्षणाशी झगडण्यात खर्च होतो. थोडक्यात, आटा जन्मतःच घट्ट धरून बसणारा आहे. गंज त्याच्या अंगभूत स्वभावाला केवळ टोकाला नेतो.

एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांना आट्याचा हाच गुण हवा होता. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्लीने अचूक आटे कापणारे लेथ यंत्र घडवले. पुढे त्याच्याच कार्यशाळेत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सर्व कारखान्यांसाठी एकसारख्या आट्यांची पद्धत मांडली. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला. परिणामी दोन्ही देशांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यांना याचा इतका जाच झाला की १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘युनिफाइड’ आट्याच्या करारावर सह्या केल्या. दीडशे वर्षांच्या या सगळ्या खटाटोपाचा हेतू प्रामुख्याने एकच होता: दोन वस्तू एकत्र धरून ठेवणे. हेराल्डच्या ट्रनियनमधील आट्याला मात्र याच्या नेमके उलट काम दिले गेले. त्याला आयुष्यभर हलत राहायचे होते.

हे काम त्याच्याकडे आले कसे, याचे उत्तर कॉव्हेंट्री शहरात सापडते. १९५३ मध्ये ‘फिशर अँड लडलो’ ही मोटारींचे सांगाडे बनवणारी कंपनी बीएमसी या बलाढ्य समूहाने विकत घेतली. स्टँडर्ड-ट्रायम्फ ही तुलनेने लहान कंपनी सांगाड्यांसाठी तिच्यावरच विसंबून होती. पुरवठादारच प्रतिस्पर्ध्याच्या घरात गेल्यावर नव्या गाडीचा एकसंध सांगाडा मिळणार कोठून? मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर यांनी मग जुन्या वळणाचा मार्ग धरला. खाली स्वतंत्र चासी आणि तिच्यावर वेगवेगळ्या ठिकाणी बनवलेले सांगाड्याचे भाग बोल्टांनी आवळायचे. रेखाटने ट्युरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी केली. प्रकल्पाचे गुप्त नाव होते ‘झोबो’. याक आणि गाय यांच्या संकरातून निपजणाऱ्या हिमालयी जनावराचे हे नाव जुन्या-नव्याच्या या संकराला इतके शोभते की ते जाणूनबुजून ठेवले असावे, अशी शंका येते.

एप्रिल १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हेराल्डचे थाटात अनावरण झाले. तिचे पुढचे संपूर्ण बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडत असे, त्यामुळे इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन उघड्या ताटासारखे समोर येई. चाके इतकी वळत की गाडी अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात फिरे. लंडनच्या टॅक्सीशीच तिची तुलना होऊ लागली. या कौतुकात चाकांना वळू देणाऱ्या त्या जोडाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणही नव्हते.

चाक ज्याला जोडलेले असते, तो उभा दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरला जातो. हेराल्डमध्ये वरचा जोड त्या काळी नवा असलेला ‘बॉल जॉइंट’ होता. १९५२ च्या लिंकन गाड्यांपासून अमेरिकेत तो रूढ होऊ लागला होता. खालचा जोड मात्र जुन्या पद्धतीचा, आट्यांचा. गाडीच्या त्या कोपऱ्याचे वजन स्प्रिंगमधून खालच्या आडव्या बाहूवर येते, बाहूतून ट्रनियनवर आणि ट्रनियनमधून आट्यांच्या मार्गे उभ्या दांड्यावर. म्हणजे पुढच्या एका चाकावर येणारा गाडीचा भार अक्षरशः काही आट्यांना टांगलेला असतो. एक वेटोळे सारा भार पेलू शकणार नाही, पण अनेक वेटोळी मिळून तो वाटून घेतात. कमी जागेत मोठा पृष्ठभाग मिळवण्याची ही युक्ती स्वस्त होती, परिचित होती आणि अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांच्या सस्पेन्शनमध्येही वापरली गेली होती. तिला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कॉलिन चॅपमनसारख्या चोखंदळ माणसाने आपल्या लोटस एलान या स्पोर्ट्स कारसाठी ट्रायम्फचेच हे उभे दांडे ट्रनियनसह उचलले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अट एकच होती. आट्यांमध्ये सतत तेल हवे.

ग्रीस नव्हे, तेल. गिअरच्या पेटीत घालतात तसे जाड, ९० क्रमांकाचे हायपॉइड तेल. कंपनीच्या पुस्तिकेत हे छापलेले होते. ट्रनियनच्या अंगावर एक लहानसा स्क्रू बसवलेला असे. तो काढायचा, त्याच्या जागी तात्पुरते निपल लावायचे, गनने तेल भरायचे आणि ते वरून पाझरू लागले की थांबायचे. या कृतीमागील तर्क स्पष्ट आहे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले तरी हा आटा पूर्ण एक वेढाही फिरत नाही. बेअरिंगसारखी गरगर फिरून वंगण सगळीकडे पसरवण्याची सोय त्याच्याजवळ नाही. तेल आपल्या वजनाने आणि केशाकर्षणाने फटीफटींत उतरते; ग्रीस जेथे ढकलावे तेथेच बसून राहते. कालांतराने ते सुकून मेणासारखे होते आणि नंतर कोणी तेल भरायला गेले तरी वाटच अडवून धरते.

पण निपल दिसले की त्याला ग्रीस गन लावायची, हे प्रत्येक मेकॅनिकच्या हाताला ठाऊक असते. ते चूकही नाही, कारण त्या काळच्या इतर बहुतेक गाड्यांत निपलाचा अर्थ ग्रीस हाच होता. पुस्तिका एक सांगत होती आणि वस्तूचा आकार दुसरेच सांगत होता. गॅरेजमध्ये पुस्तिका क्वचितच उघडली जाते. वस्तू मात्र रोज समोर असते. त्यातच हेराल्डमध्ये बऱ्याच जागी रबराचे आणि नायलॉनचे बुश वापरल्याने वंगण देण्याची ठिकाणे मोजकीच उरली होती. ‘हिला फारसे ग्रीसिंग लागत नाही’ हे वाक्य ‘हिला काहीच लागत नाही’ असे ऐकू यायला कितीसा वेळ लागतो? गाडी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे जाईपर्यंत पुस्तिका बहुधा हरवलेली असे आणि त्या लहानशा स्क्रूवर चिखलाचे पुट चढलेले असे.

तेल नाही तेथे पाणी शिरते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्यामुळे हे पाणी खारे असते. पोलाद आणि पितळवर्गीय धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की दोहोंमध्ये विजेच्या घटासारखी क्रिया चालू होते आणि तिच्यात बळी जातो तो पोलादाचा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. धातूवर चढणारा ऑक्साइडचा थर मूळ धातूच्या तुलनेत किती जागा घेतो, याचे गणित पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये मांडले. लोखंडाच्या बाबतीत हे प्रमाण दुपटीच्या आसपास येते आणि पाणी शोषलेला गंज तर त्याहूनही फुगतो. उघड्या पत्र्यावर हा गंज पापुद्रे होऊन गळून पडतो. आट्यांच्या बंद फटीत त्याला जायला जागाच नसते. तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो आणि सैल जोडाची पाचर मारलेली खुंटी होते.

यानंतरची घटना केवळ काळाची बाब ठरते. जोड जाम झाला, तरी स्टिअरिंग फिरवणारा हात थांबत नाही. स्टिअरिंग थोडे जड लागते, वळणानंतर चाक आपणहून सरळ येत नाही, पण या गोष्टी इतक्या सावकाश वाढतात की मालकाला त्याची सवय होऊन जाते. दर वळणाला दांड्याला पीळ पडतो. आट्याची खाच म्हणजे ताण एकवटण्याची आयती जागा. तिच्यात गंजाने आणखी खड्डे पाडलेले असतात. तेथे केसासारखी चीर पडते आणि ती आतल्या आत वाढत जाते. अखेरचा तुकडा गाडी उभी करताना तुटावा, यातही कारण आहे. संथ गतीत चाक पूर्ण वळवताना पीळ सर्वाधिक असतो. १९५८ मध्ये हेराल्डच्या नमुना गाड्या चाचणीसाठी केपटाउनपासून टँजिअरपर्यंत आफ्रिका पार करून आल्या होत्या. वाळवंट आणि खड्डे यांना त्या पुरून उरल्या. पण ट्रनियनचा शत्रू खडतर प्रवास नव्हता. दहा वर्षांचे दुर्लक्ष कोणत्याही चाचणीत बसवता येत नाही.

हीच गाडी १९६१ मध्ये मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने भारतीय ग्राहकापुढे तीनच मुख्य पर्याय होते: उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट आणि मद्रासची हेराल्ड. बोल्टांनी जोडायच्या सांगाड्याचा येथे फायदा झाला, कारण अशी गाडी सुट्या भागांतून जुळवणे तुलनेने सोपे असते. गाडीची मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. या मागच्या रचनेबद्दलच्या तक्रारी इतक्या गाजल्या की १९७२ मध्ये ‘गॅझेल’ या पुढच्या अवतारात ती बदलून साधा अखंड अ‍ॅक्सल बसवला गेला. पुढचा आटा मात्र बोलत नव्हता. त्याची तक्रार कोणी करणार तरी कशी?

भारतात बहुतेक ठिकाणी बर्फ नाही, रस्त्यावर मीठ नाही. पण मद्रास आणि मुंबई या दोन्ही शहरांना समुद्राची खारी हवा आहे आणि चार महिने पाऊस आहे. शिवाय येथे आणखी एक गुंता होता. फियाटचे नट-बोल्ट मिलिमीटरचे, तर हेराल्डचे बहुतेक बोल्ट त्या १९४८ च्या करारातील इंची आट्यांचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण किंचित ढिला. सैल बोल्टाला हे चालून जाते. गंजलेल्या बोल्टावर मात्र तोच पाना लांब पाइप लावून ओढला की बोल्टाच्या माथ्याचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग कोणताच पाना त्याला धरत नाही. वॉशिंग्टनमधील करार आणि गॅरेजमधील घामाघूम माणूस यांच्यामधले अंतर या तीन-दशांश मिलिमीटरएवढे होते.

जाम झालेला आटा सोडवण्याची विद्या ही स्वतः इतिहासाचाच एक थर आहे. तिचा सर्वांत जुना उपाय म्हणजे धीर. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, रॉकेलसारखे पातळ तेल सोडायचे, रात्रभर थांबायचे, पुन्हा सोडायचे. रॉकेल वंगण म्हणून कमजोर असते, पण पातळ असल्यामुळे केसाएवढ्या फटीत शिरते. दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्यांचे तत्त्वही मूलतः हेच. त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० ची जन्मकथा मात्र वेगळी आहे. ते १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी बनवलेच नव्हते. ते पृष्ठभागावरील पाणी हटवून गंज टाळण्यासाठी होते. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले, म्हणून नावात ४०. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ कवचावर त्याचा वापर झाला आणि १९५८ मध्ये ते दुकानांत आले. रोग होऊ नये म्हणून बनवलेले औषध जगभर रोग झाल्यावर वापरले जाते, ही गंमत विसरू नये.

दुसरा उपाय धक्का. येथे अनुभवी आणि नवशिका यांतला फरक एका क्षणात कळतो. नवशिका पान्याला पाइप लावून एकसारखा ओढत राहतो. जोर वाढत जातो आणि अखेर बोल्ट पिळून तुटतो. अनुभवी माणूस बैठकीच्या एका बाजूला जड लोखंड टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने हातोडीचे नेमके फटके देतो. गंज दाबाला दाद देत नाही, पण तो ठिसूळ असतो; हादऱ्याने त्याचा भुगा होतो आणि तेलाला वाट मिळते. मग तो बोल्ट आधी किंचित आवळतो, नंतर सोडतो, पुन्हा आवळतो. आवळण्याची कृती पाहणाऱ्याला वेडेपणाची वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीत भुगा थोडा बाहेर पडतो.

हेराल्डच्या बाबतीत येथे एक सापळा आहे. दोन्ही बाजूंच्या ट्रनियनचे आटे एकसारखे नसतात. एका बाजूला सरळ आटे, तर दुसऱ्या बाजूला उलटे. हे ठाऊक नसलेला माणूस अर्धा दिवस आटा ‘सोडवण्यासाठी’ तो अधिकच आवळत बसतो.

तिसरा उपाय आच. १८९२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत सापडली, त्यामुळे ॲसिटिलीन वायू स्वस्त झाला. १८९५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी ऑक्सिजनसह जळणाऱ्या ॲसिटिलीनची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते, हे दाखवले. पुढील दशकात ती ज्योत हातात धरण्याजोग्या टॉर्चमध्ये आली आणि पाठोपाठ दुरुस्तीच्या कार्यशाळांत शिरली. आच देण्यामागे भौतिकशास्त्र आहे. पितळ तापल्यावर पोलादापेक्षा सुमारे दीडपट अधिक प्रसरण पावते. ट्रनियनमध्ये पितळवर्गीय धातू बाहेर आणि पोलाद आत, ही रचना सुदैवाने सोयीची आहे. वीस मिलिमीटर व्यासाचा आटा धरला आणि दोन्ही धातू शंभर अंशांनी तापवले, तर मध्ये साधारण ०.०१४ मिलिमीटरची फट वाढते. डोळ्यांना न दिसणारी ही फट गंजाची पकड मोडायला बहुधा पुरते.

पण आचेचाच मोह अनेकांना महागात पडला. शंभर-दोनशे अंशांची ऊब वेगळी आणि लाल होईपर्यंत तापवणे वेगळे. उभा दांडा घडाईच्या पोलादाचा असतो. लालबुंद झाल्यावर त्याची मूळ ताकद तशीच राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. शेजारचे रबर आणि नायलॉनचे बुश तर क्षणात वितळतात. अशा रीतीने ‘सुटलेला’ दांडा पुन्हा गाडीत बसवणे म्हणजे पहिल्याच संकटाला नव्याने आमंत्रण होय. ट्रनियनला बाहूशी जोडणारा आडवा बोल्टही आपल्या पोलादी नळीत गंजून बसतो. त्याच्यासाठी जाणते लोक ज्योत पेटवत नाहीत, सरळ करवत घेतात. बोल्ट कापला गेला तर नवा मिळतो.

या सगळ्या खटपटीनंतर दांडा सुटला, तरी खरा निर्णय पुढेच असतो. आटे स्वच्छ करून भिंगाखाली पाहावे लागतात. खड्डे पडले असतील, चीर असेल, तर तो दांडा भंगारात टाकावा लागतो, मग तो सोडवण्यात दोन दिवस गेलेले असोत. मेहनतीने सुटलेली वस्तू फेकून देणे हे या कामातील सर्वांत कठीण पाऊल आहे, आणि चाक कोसळण्याच्या काही घटनांचे मूळ याच ठिकाणी, न उचललेल्या या पावलात असते.

ट्रायम्फने स्वतः हा जोड कधीच टाकून दिला नाही. १९६१ मध्ये कंपनी लेलँडच्या ताब्यात गेली. १९७१ मध्ये ब्रिटनमधील हेराल्ड थांबली, पण तिच्याच चासीवरून घडलेली स्पिटफायर चालू राहिली. इंजिने मोठी झाली, बंपर बदलले, मागचे सस्पेन्शन सुधारले. १९८० च्या ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातून शेवटची स्पिटफायर बाहेर पडली, तेव्हाही तिची पुढची चाके त्याच आट्यांना टांगलेली होती आणि ट्रनियनच्या अंगावर तोच लहानसा स्क्रू तेलाची वाट पाहत होता.